पहिलं लग्न मिळालंय, लेन्स कोणती घेऊ?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. दोन वर्षं तुम्ही सांगलीत पोर्ट्रेट काढताय, डोहाळजेवणं केलीत, कपड्यांच्या एक-दोन दुकानांची कामं केलीत, लोक नावाजतात. आता मावसभावाच्या मित्राचं लग्न तुमच्याकडे आलंय. आधी साखरपुडा, मग प्री-वेडिंग, आणि मे महिन्यात हळद व लग्न. हाताशी क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, एक कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८. विचारताय दोन गोष्टी: ८५ एमएमची लेन्स विकत घेऊ की लांबचं जवळ आणणारी ७०-२०० भाड्याने आणू, आणि पैसे किती सांगू?

दोन्हींची उत्तरं देतो, पण शेवटी. मी सातारा-कराड पट्ट्यात २००३ पासून लग्नं करतोय, पहिली काही वर्षं फिल्मवर. एवढ्या वर्षांत लेन्स कमी पडली म्हणून फोटो गेला असं माझ्या बाबतीत फार तर पाच-सहा वेळा झालं असेल. चुकीच्या जागी उभा होतो म्हणून गेलेले फोटो मोजायला बसलो तर रात्र जाईल. पोर्ट्रेटमध्ये माणूस तुमच्यासाठी थांबलेला असतो. मान जरा डावीकडे म्हटलं की तो वळतो. लग्नात तुमच्यासाठी कोणी थांबत नाही. मुहूर्तही थांबत नाही, आणि आमच्याकडे थांबलाच तर आमदारांसाठी थांबतो. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडतो: पुढच्या अर्ध्या मिनिटात काय होणार हे मला आधी कसं कळेल, आणि तेव्हा मी कुठे उभा असेन?

यातलं बरंचसं लग्नावर अवलंबून आहे. दीडशे माणसांचं घरगुती लग्न आणि लॉनवरचं दोन हजारांचं लग्न ही दोन वेगळी कामं आहेत. विधींचा क्रम घराण्यागणिक आणि गावागणिक बदलतो. कुठे सीमांतपूजन आदल्या रात्री होतं, कुठे लग्नाच्या सकाळी. कुठे कन्यादान अक्षतांच्या आधी उरकतात, कुठे नंतर. माझ्या पट्ट्यात जे पाहिलं ते सांगतो, तुमच्या यजमानांकडे काय आहे ते त्यांनाच विचारा.

आता माझी फजिती. २००५ चा मे महिना, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा. स्टेजवर मान्यवरांना फेटे बांधणं, श्रीफळ देणं, आशीर्वादपर भाषणं यातच एक वाजून गेला. गुरुजी घड्याळाकडे बघत होते, मी स्टेजच्या कडेला रोलचे उरलेले फोटो मोजत होतो. छत्तीसपैकी चार उरले होते. एकेक मंगलाष्टक म्हणजे बराच वेळ, त्यात नवरीच्या आत्या आणि मावशी स्वतः रचलेली मंगलाष्टकं कागदावर घेऊन उभ्या, म्हणजे आरामात रोल बदलून होईल, असा हिशेब करून मी खाली बसलो आणि कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. गुरुजींनी उशीर झाला म्हणून मधली मंगलाष्टकं गाळली. मी फिल्मचं टोक खाचेत घालत असताना बँड वाजला. वर पाहिलं तर अंतरपाट गेलेला, हार पडलेले, डोक्यावर अक्षता.

तीन आठवड्यांनी अल्बम घेऊन मुलीच्या घरी गेलो. वडिलांनी शांतपणे सगळी पानं पाहिली. मग उलटी पाहत मागे गेले, परत पुढे आले. म्हणाले, “अक्षता पडतानाचा नाही का हो?” मी रोलचं सांगितलं. “असू दे, असू दे,” म्हणाले आणि उरलेले पैसे मोजून हातात ठेवले. एक रुपया कापला नाही. कापला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून लग्नाच्या दिवशी यजमानांच्याही आधी मी गुरुजींना गाठतो. चहा घेता घेता तीन गोष्टी विचारायच्या. मंगलाष्टकं किती म्हणणार, आणि घरच्या कोणाला म्हणायला देणार का? अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार? आणि अक्षतांनंतर लगेच काय घेणार? गुरुजींना असं कोणी विचारत नाही, त्यामुळे ते खूश होतात, आणि पुढे होमाच्या वेळी तुम्ही जवळ गेलात तर खेकसत नाहीत. एक खूण कानात ठेवा: ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू झालं की शेवट आला. बँडवालेही त्याच ओळीकडे कान लावून असतात. ती ओळ ऐकली की माझं बोट शटरवर, मग शेजारी कोणी पडलं तरी मी वळत नाही. आणि कार्ड कितीही रिकामं असो, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी मी नवं घालतो. आता त्याची गरज नसते, तरी घालतो.

उभं कुठे राहायचं? वधू-वरांच्या मध्ये अंतरपाट, वधूच्या मागे मामा, दोघांच्या मागे करवल्या. अंतरपाटाच्या रेषेत, गुरुजींच्या समोरच्या टोकाला उभं राहिलात तर दोघांचे चेहरे बाजूने दिसतात आणि पाट सरकल्यावरची पहिली नजर मिळते. पाट तुमच्याच बाजूला ओढणार असतील तर कापड आणि ओढणारा हात दोन्ही फ्रेममध्ये येतील, म्हणून तर आधी विचारायचं. गुडघ्यात थोडे वाका, नाहीतर मागे बसलेल्यांच्यातून “ओ फोटोवाले, सरका की बाजूला” असा आवाज येतोच, आणि तो रास्त असतो. ते लग्न बघायला आलेत, तुमची पाठ बघायला नाही. व्हिडिओवाल्याशी ही जागा सकाळीच वाटून घ्या. तो ट्रायपॉड रोवून बसला की मग भांडून उपयोग नाही.

उजेडाचं पोर्ट्रेटवाल्यांना जास्त कळतं असं त्यांना वाटतं. मलाही वाटायचं. मंगल कार्यालयात भर दुपारी काय असतं ते बघा. वर पत्रा किंवा रंगीत कापड, बाजू उघड्या, तिथून मे महिन्याचं पांढरंफेक ऊन, स्टेजवर पिवळे फोकस, मागे एलईडीची भिंत आणि कडेने लाल-जांभळे दिवे. चेहऱ्याची एक बाजू पिवळी, दुसरी निळी. फ्लॅश वर मारून उजेड छतावरून आणावा म्हटलं तर गुलाबी कापडावरून तो गुलाबी होऊन परततो. अशा वेळी मी फ्लॅश मागच्या बाजूला, एखादा पांढरा पडदा किंवा भिंत मिळेल तिकडे वळवतो. काहीच पांढरं नसेल तर फ्लॅशवर उजेड मऊ करणारा साधा डिफ्यूझर लावून कमी ताकदीने थेट मारतो. फोटो देखणा येत नाही, पण चेहरा चेहऱ्यासारखा येतो.

दुसरी गंमत एलईडीची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५०० सेकंद ठेवलंत तर एका फोटोत चेहरा उजळ, पुढच्यात काळपट, किंवा फोटोभर आडवे पट्टे. १/१०० किंवा १/५० वर हे बहुतेक जातं. एलईडीची मोठी भिंत मात्र स्वतःच्या वेगाने चालते, तिच्यासमोर सकाळीच चार-पाच शटर लावून बघा. आता तुम्ही म्हणाल, १/१०० वर अक्षता ताणल्यासारख्या दिसतील. दिसतील. मला आवडतात, तांदूळ पाऊस झाल्यासारखे वाटतात. चेहरा मात्र फ्लॅशने थांबवा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर चालू करा, पण तिच्यामुळे कधी कधी शटर किंचित उशिरा पडतं, हे अंतरपाटाच्या क्षणी आठवू द्या.

हळदीचा त्रास वेगळा. पिवळा मांडव, पिवळे कपडे, पिवळे गाल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर असेल तर कॅमेऱ्याला वाटतं पिवळं जास्त झालंय, तो निळं ओततो, मग हळद फिकी आणि माणसं आजारी दिसतात. मी ५२०० केल्व्हिनच्या आसपास हाताने लावून ठेवतो आणि जमलं तर बसायचा पाट मांडवाच्या कापडाखालून काढून झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत घ्यायला सांगतो. नवरीच्या मावशीला सांगायचं, नवरीच्या आईला नाही, आईला त्या दिवशी काही ऐकू येत नसतं. लेन्सवर फिल्टर, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी. लांबची लेन्स खरी उपयोगी पडते ती इथे, कारण जवळ गेलात की पहिली हळद फोटोवाल्याच्या तोंडाला लागते.

आता मला ज्याबद्दल जास्त सांगायचंय ते. अक्षता पडल्या की दहा मिनिटांत हॉल रिकामा होतो. हजार माणसं जेवणाच्या हॉलकडे पळतात, कारण पहिल्या पंगतीत जागा पाहिजे. बँडवाले निघतात, स्टेज डेकोरेशनवाला खुर्चीत मान टाकतो. आणि बहुतेक नवीन फोटोग्राफरही तेव्हाच जेवायला जातात. मागे राहतात गुरुजी, वधू-वर, दोन्हींकडचे आई-वडील आणि सात-आठ जवळची माणसं. कन्यादान, कंकणबंधन, लाजाहोम, सप्तपदी. नवरीचा भाऊ लाह्या देतो, नवऱ्याचा कान पिळतो, आणि कान किती जोरात पिळला यावरून दोघांचं नातं पुढे कसं चालणार ते कळतं. सकाळपासून जो बाप केटरर, पाण्याचा टँकर आणि व्याह्यांच्या गाड्या यांच्यात फिरत होता तो पहिल्यांदा एका जागी बसलेला असतो. होमाच्या धुरामुळे सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी असतं, त्यामुळे जे खरंच रडतायत त्यांनाही लपवावं लागत नाही.

माझ्या अल्बममधली अर्धी बरी पानं या दीड तासाची आहेत. या वेळी फ्लॅश बंद. बाजूच्या उघड्या खिडक्यांमधून येणारा उजेड आणि धूर, दोन्ही तुमच्या बाजूने. पोर्ट्रेटमध्ये जे शिकलात ते इथे कामाला येतं, तुमचं ५० एमएमही. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२०० करावा लागला तर करा, घाबरू नका. दाणे दिसलेला फोटो लोक घेतात, हललेला घेत नाहीत. सूनमुख आणि झाल याही वेळी जवळ राहा. सूनमुखात सासू आरशात सुनेचा चेहरा बघते, तेव्हा आरशात दोघी दिसतील असा एकच कोन असतो, सासूच्या खांद्यामागचा. आधी जाऊन उभे राहा, आरसा कोण धरणार ते पाहून ठेवा, आणि फोकस आरशाच्या काठावर न घेता आतल्या चेहऱ्यावर घ्या.

जेवायचं कधी? सकाळी अकराला. पाहुणे यायच्या आधी आचाऱ्याकडे जाऊन भात-आमटी मागायची. कोणी नाही म्हणत नाही.

आता साखरपुडा आणि प्री-वेडिंग. पुष्कळ जण ही दोन वेगळी कामं समजतात. मी त्यांच्याकडे लग्नाची तालीम म्हणून बघतो, आणि तुमच्यासारख्या पहिलटकरासाठी तर ही देवाची कृपा आहे. साखरपुड्याला माणसं ओळखून घ्या. मुलाचे मोठे काका कोण, कोणाला पहिल्यांदा ओवाळलं नाही म्हणून कोण गप्प झालं, कोणती मावशी सगळ्यांना हाका मारते. ही हाका मारणारी व्यक्ती प्रत्येक घरात एक असते, तिचा फोन नंबर घ्या. लग्नात ग्रुप फोटोला माणसं गोळा करण्याचं काम तिचं. तुम्ही “मुलीकडचे सगळे या” म्हणून ओरडलात तर कोणी येणार नाही, ती एकदा “ए बाळासाहेब” म्हणाली की तिघे येतात. रुसव्या-फुगव्यांत तुम्ही पडू नका, पण माहिती ठेवा. मामांचा फोटो राहिला तर त्याचा जाब पुढची दहा वर्षं मुलीच्या आईला द्यावा लागतो.

प्री-वेडिंगला दोघांचे चेहरे शिका. तो ओठ मिटून हसतो कारण पुढचा दात तिरका आहे. ती कॅमेरा दिसला की हनुवटी वर करते. हे लग्नाच्या दिवशी कळून उपयोग नाही. मार्च-एप्रिलमध्ये करणार असाल तर सकाळी साडेसहा ते सव्वाआठ, नंतर ऊन डोळ्यांवर येतं. सांगलीतच कृष्णेचे घाट आहेत, आयर्विन पूल आहे. गाडी असेल तर वाई आणि मेणवली. मेणवलीच्या घाटावर वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आलेली मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. मी जोडप्यांना सांगतो, त्या घंटेवर काय काय कोरलंय ते बघून या आणि मला सांगा. दोघं तिथे वाकून बोटांनी चाचपडतात, वाद घालतात, एकमेकांच्या खांद्यावर हात कधी गेला ते त्यांनाही कळत नाही. मी लांबून फोटो काढतो. ठरवून लग्न झालेली जोडपी पाच-सहा वेळा भेटलेली असतात. त्यांना ‘कपाळाला कपाळ लावा’ सांगितलं की दोघंही लाकूड होतात. त्यांना मिठीऐवजी काहीतरी काम द्या.

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत ट्रायपॉड आणि दिवे लावायला परवानगी लागते, आयत्या वेळी रखवालदाराशी हुज्जत घालू नका. आणि पावसाळा संपता संपता कधी कास पठारावर गेलात तर कृपा करून फुलांत कोणाला झोपवू नका. त्या एका फोटोसाठी चिरडलेल्या फुलांचा पट्टा मागे उरतो.

संध्याकाळच्या रिसेप्शनमध्ये पोर्ट्रेटवाले हमखास एक चूक करतात. स्टेजवर पाहुण्यांची रांग, सोफ्यामागे दोन ओळी, आणि हे एफ १.८ वर, लेन्स पूर्ण उघडी ठेवून, फोटो काढतात कारण सवय तीच. घरी येऊन बघतात तर पुढच्या मावशीचं नाक धारदार आणि मागचे चौघे धुक्यात. दोन ओळी असतील तर एफ ५.६, तीन असतील तर ८, आणि उजेड फ्लॅशचा. चारशे ग्रुप म्हणजे चारशे फ्लॅश, चार्ज होणाऱ्या सेलचे चार जोड ठेवा. साधारण पंचवीस ग्रुप झाले की नवरीला पाणी प्यायला द्या असं मोठ्याने म्हणा. रांग दोन मिनिटं थांबते, चेहरे परत माणसांत येतात.

दोघांच्या स्वतंत्र पोर्ट्रेटला लग्नाच्या दिवशी बारा-पंधरा मिनिटं मिळाली तर नशीब समजा. मी वधूपक्षाच्या खोलीबाहेरचा व्हरांडा पकडतो, तिथे सहसा एका बाजूने उजेड असतो. दोन बारकावे. मुंडावळ्या डोळ्यांसमोर हलत असतात आणि डोळा शोधणारा ऑटोफोकस मोत्यांवर जाऊन बसतो, तेव्हा एकच बिंदू डोळ्यावर ठेवून फोकस घ्या किंवा मुंडावळ्या क्षणभर कानामागे करायला सांगा. आणि नवरदेवाचं उपरणं पांढरं, शालूची जर चमकणारी, त्यामुळे कॅमेरा फोटो अंधारा करतो आणि सावळा चेहरा आणखी काळा पडतो. उजेड दोन-तृतीयांश स्टॉप वाढवून घ्या. नंतर कोणी ‘जरा गोरं करून द्या’ म्हणेल. अल्बम डिझायनर तर न विचारताच करतात. मी करत नाही. एका नवरीने अल्बम बघून विचारलं होतं, “ही मी आहे का?” डिझायनरने तिला गव्हाळ रंगाची दुधासारखी गोरी करून टाकली होती. त्यानंतर डिझायनरला पाठवायच्या फाइलींवर मी लिहितो: चेहऱ्याच्या रंगाला हात लावू नये.

तर लेन्स. ८५ आत्ता नको. तुमच्या क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एमएम हीच ७५-८० सारखी वागते, पोर्ट्रेटला पुरेशी आहे. ८५ लावलीत तर ती १३० च्या आसपास जाईल आणि व्हरांड्यात तुमची पाठ भिंतीला टेकेल. तुम्हाला कमी पडणार आहे ती मांडवातली रुंद आणि उजेडाची लेन्स, क्रॉपसाठीची १७-५० किंवा १८-५० एफ २.८ सारखी. ती जमल्यास विकत घ्या, लग्नाचं सत्तर टक्के काम तीच करेल. ७०-२०० फक्त हळद आणि लग्न या दोन दिवसांसाठी भाड्याने. पण त्या भाड्याच्या यादीत सर्वांत वर दुसरा कॅमेरा लिहा, दोन कार्डांचे खण असलेला. एका कॅमेऱ्यावर लग्न घेऊ नका. तो पडू शकतो, हळदीच्या पाण्यात जाऊ शकतो, काही न होता बंद पडू शकतो. भाड्याची वस्तू आदल्या दिवशी आणा आणि रात्री घरात पन्नास फोटो काढून बघा.

सोबत एक माणूस घ्या, भले तो शिकाऊ असो. मंगलाष्टकांच्या वेळी त्याला स्टेजच्या मागे उभं करा, प्रेक्षकांकडे तोंड करून. अक्षता टाकणारे हात आणि चेहरे तिकडूनच दिसतात.

रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न घडवलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. २४ मेगापिक्सेलची एक फाइल २५-३० एमबीची, दोन दिवसांत तीन हजार फोटो झाले तर ७५-९० जीबी. त्याच रात्री, कितीही थकलात तरी, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. अल्बम हातात जाईपर्यंत कार्ड पुसू नका.

कायद्याची एक गोष्ट आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो, काढणारा नाही. म्हणजे त्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा हक्क तुम्हाला आपोआप मिळत नाही. माझ्याकडून एकदा एका मुलीचा हळदीचा फोटो न विचारता गेला होता, तिच्या ऑफिसात तो फिरला, आणि तिचा फोन आला तेव्हा माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. आता कराराच्या कागदावर ‘फोटो जाहिरातीसाठी वापरले तर चालेल / चालणार नाही’ अशी ओळ असते आणि यजमान खूण करतात. त्याच कागदावर किती तास, किती एडिट केलेले फोटो, अल्बमची किती पानं, कधी देणार, अ‍ॅडव्हान्स किती आणि तारीख पुढे गेली तर काय. एक पान पुरतं.

पैसे. आकडा मी सांगणार नाही, सांगली आणि पुण्याचा भाव एक नसतो आणि तुमचं काम मी पाहिलेलं नाही. हिशेब सांगतो. साखरपुडा, प्री-वेडिंग, हळद, लग्न असे चार दिवस. निवडणं आणि एडिटिंगचे किमान सहा, अल्बमच्या दुरुस्त्यांचे दोन. म्हणजे बारा दिवसांचं काम. बारा दिवसांची तुमची मजुरी, त्यात दोन्ही भाडी, मदतनिसाचे पैसे, अल्बमची छपाई, प्रवास. त्याच्या खाली जाऊ नका. अल्बमचा खर्च वेगळा दाखवा, कारण पानं नेहमी वाढतात आणि तुम्ही मात्र तेवढ्याच पैशांत अडकता. ‘पहिलंच आहे, फुकट करतो’ हेही नको. फुकटच्या फोटोवाल्याला लोक स्टेजवर खुर्च्या लावायला सांगतात, माझ्याबाबत झालंय. सवलत द्यायची असेल तर पूर्ण आकडा लिहा, खाली सवलत लिहा, मग बेरीज.

अ‍ॅडव्हान्स साखरपुड्याच्या आधी, मोठा हप्ता हळदीच्या दिवशी, उरलेलं अल्बम देताना. आणि ही बोलणी मुलाशी किंवा त्याच्या वडिलांशी समोर बसून करा, मावसभावाच्या मार्फत नको. तो बिचारा दोन्हीकडचा आहे.